द्विदल महाधमनी झडप आणि रक्तातील मेद

द्विदल महाधमनी झडप ही हृदयाची जन्मजात रचनात्मक विकृती आहे. हृदय आणि महाधमनी यांच्या दरम्यान असलेल्या झडपेला सामान्यतः तीन दले असतात. या विकृतीत तिला दोनच कार्यक्षम दले असतात. प्रौढ व्यक्तींत आढळणाऱ्या जन्मजात हृदयविकृतींमध्ये ही सर्वाधिक प्रमाणात आढळते. लोकसंख्येच्या सुमारे १ ते २ टक्के व्यक्तींत ती असते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. पुरुषांमधील तिचे प्रमाण स्त्रियांच्या तुलनेत दोन ते तीन पट असते.

या विकृतीमुळे आयुष्यात प्रामुख्याने दोन दीर्घकालीन धोके संभवतात. पहिला धोका झडपेचा : तिच्यात कॅल्शियम साचून ती कठीण व अरुंद होऊ शकते, किंवा ती नीट न मिटल्याने रक्त मागे गळू शकते. दुसरा धोका महाधमनीचा : हृदयातून वर जाणारा तिचा भाग हळूहळू रुंदावतो आणि क्वचित प्रसंगी तिची भित्तिका फाटते. रक्तातील मेदाचा झडप कठीण होण्याशी असलेला संबंध अनेक पुराव्यांनी पुष्ट झाला आहे. महाधमनी रुंदावण्याशी त्याचा असा थेट संबंध मात्र सिद्ध झालेला नाही. त्यामुळे रक्तातील मेदाची तपासणी समाधानकारक आली, तरी तिच्यावरून महाधमनीच्या स्थितीविषयी अनुमान काढता येत नाही. महाधमनीचे मापन स्वतंत्रपणे करावे लागते.

## रचना आणि कार्य

हृदयाच्या डाव्या निलयातून (जुन्या पाठ्यपुस्तकांतील डावी जवनिका) शुद्ध रक्त महाधमनीत ढकलले जाते. जुन्या मराठी वैद्यकीय लेखनात महाधमनीला महारोहिणी असेही म्हटले आहे. या मार्गाच्या तोंडाशी असलेली झडप प्रत्येक ठोक्याला एकदा उघडते आणि एकदा मिटते, म्हणजे दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा. तीन अर्धचंद्राकृती दले असल्यास उघडण्यामिटण्याचा ताण त्यांच्यात समप्रमाणात विभागला जातो. प्रौढ व्यक्तीत पूर्ण उघडलेल्या झडपेचे क्षेत्रफळ ३ ते ४ चौरस सेंटिमीटर असते.

द्विदल झडपेत बहुधा दोन शेजारची दले गर्भावस्थेतच एकमेकांस जोडलेली असतात आणि जोडाच्या जागी एक उंचवटा किंवा शीवण दिसते. उजव्या व डाव्या हृद्‌धमनीलगतची दले जोडलेली असणे हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. काही व्यक्तींत मुळातच दोन दले असतात व शीवण नसते. झडपेचे तोंड गोल न राहता फटीसारखे होते. रक्ताचा झोत सरळ मध्यातून न जाता तिरपा जाऊन महाधमनीच्या एका बाजूवर आदळतो. दलांवर पडणारा ताणही विषम असतो. म्हणूनच तीन दलांची झडप ज्या वयात कठीण होते, त्याच्या एक ते दोन दशके आधीच द्विदल झडप कठीण होऊ लागते.

## इतिहास

दोन दलांच्या महाधमनी झडपेचे रेखाचित्र लिओनार्दो दा विंची यांच्या सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या शरीररचनाविषयक चित्रांत आढळते. विल्यम ऑस्लर यांनी १८८६ साली या विकृतीविषयी लिहिताना अशा झडपेला जंतुसंसर्ग होण्याची प्रवृत्ती अधिक असल्याचे नोंदवले. कॅनडातील वैद्य मॉड अ‍ॅबट यांनी १९२८ साली महाधमनीच्या जन्मजात आकुंचनाच्या २०० नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. द्विदल झडप आणि महाधमनीचे विकार हे एकाच व्यक्तीत जोडीने आढळतात, या जाणिवेस त्यामुळे बळ मिळाले. प्रतिध्वनी तंत्रावर आधारित हृदयतपासणी, म्हणजे टू-डी इको, प्रचारात आल्यानंतर कोणतीही लक्षणे नसलेल्या व्यक्तींतही ही विकृती ओळखणे शक्य झाले.

## कारणे आणि आनुवंशिकता

ही विकृती गर्भावस्थेच्या पहिल्या काही आठवड्यांत निर्माण होते. माता-पित्यांच्या आहाराशी किंवा नंतरच्या जीवनशैलीशी तिचा संबंध जोडता येत नाही. अनेक कुटुंबांत ती एकाहून अधिक व्यक्तींत आढळते. द्विदल झडप असलेल्या व्यक्तीचे आई-वडील, भावंडे व मुले यांपैकी साधारण दहांत एकास ती असू शकते. नॉच-१ या जनुकातील बदलांचा या विकृतीशी असलेला संबंध २००५ साली दाखवण्यात आला. बहुसंख्य रुग्णांत मात्र एकच विशिष्ट जनुक कारणीभूत असल्याचे आढळत नाही. टर्नर लक्षणसमूह असलेल्या स्त्रियांत आणि महाधमनीचे जन्मजात आकुंचन असलेल्या व्यक्तींत द्विदल झडपेचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक असते.

## महाधमनीचा विस्तार

### स्वरूप

प्रौढांत महाधमनीच्या ऊर्ध्वगामी भागाचा व्यास सर्वसाधारणपणे ३ ते ३.५ सेंटिमीटर असतो. तो वय, लिंग आणि शरीराच्या आकारमानानुसार बदलतो. ४ सेंटिमीटरपेक्षा अधिक व्यास हा सामान्यतः विस्तार मानला जातो. द्विदल झडप असलेल्या जवळपास निम्म्या व्यक्तींत केव्हा ना केव्हा असा विस्तार आढळतो. वाढीचा वेग बहुधा मंद, वर्षाला एक मिलिमीटरहून कमी असतो, आणि तिची कोणतीही जाणीव रुग्णास होत नाही.

विस्ताराचे गांभीर्य भौतिकशास्त्रातील लाप्लासच्या नियमावरून समजते. नळीच्या भित्तिकेवरील ताण हा आतील दाब व त्रिज्या यांच्या सम प्रमाणात आणि भित्तिकेच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. व्यास ४ सेंटिमीटरवरून ५ सेंटिमीटर झाला आणि रक्तदाब व जाडी तीच राहिली, तर ताण एक चतुर्थांशाने वाढतो. प्रत्यक्षात भित्तिका ताणली जाऊन पातळही होत असल्याने ताण त्याहून अधिक वाढतो. उच्च रक्तदाब असल्यास त्यात आणखी भर पडते.

### भित्तिकेतील बदल

महाधमनीची भित्तिका तीन स्तरांची असते. मधल्या स्तरात इलॅस्टिन या लवचिक प्रथिनाचे पापुद्रे आणि त्यांच्यामध्ये मृदू स्नायुपेशी असतात. ठोक्यासरशी फुगून पुन्हा पूर्वस्थितीत येण्याची महाधमनीची क्षमता या स्तरावर अवलंबून असते. द्विदल झडप असलेल्या व्यक्तींत विस्तारलेल्या भागात हे पापुद्रे तुटलेले, स्नायुपेशी घटलेल्या आणि आंतरपेशीय पदार्थ विघटित करणारी विकरे वाढलेली आढळतात.

या बदलांची दोन कारणे मानली जातात. पहिले आनुवंशिक : झडप आणि ऊर्ध्वगामी महाधमनी यांच्या घडणीत गर्भावस्थेतील समान पेशीसमूहांचा वाटा असतो, त्यामुळे एकाच दोषाचा परिणाम दोन्हींवर होऊ शकतो. दुसरे यांत्रिक : तिरपा झोत भित्तिकेच्या ज्या भागावर आदळतो, तेथील इलॅस्टिनची झीज अधिक असल्याचे एमआरआयने मोजलेला रक्तप्रवाह आणि शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींचे नमुने यांच्या तुलनेतून दिसले आहे. ही दोन्ही कारणे परस्परविरोधी नाहीत. व्यक्तीपरत्वे त्यांचे प्रमाण वेगळे असू शकते.

### धोक्याचे प्रमाण

विस्तारलेल्या महाधमनीचा सर्वांत भयंकर परिणाम म्हणजे भित्तिकेचा अंतःस्तर फाटून रक्त स्तरांमध्ये शिरणे. त्याला डिसेक्शन म्हणतात. छातीत किंवा पाठीत अकस्मात उद्भवणारी, फाडल्यासारखी तीव्र वेदना हे त्याचे प्रमुख लक्षण आहे आणि तातडीची शस्त्रक्रिया हाच बहुधा उपाय असतो. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील ओल्मस्टेड परगण्यातील द्विदल झडप असलेल्या ४१६ व्यक्तींचा सरासरी १६ वर्षे पाठपुरावा करण्यात आला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन व्यक्तींत डिसेक्शन झाल्याचे आढळले. सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत हा धोका सुमारे आठपट ठरतो. प्रत्यक्ष संख्या मात्र अल्प आहे. नियमित मापनाचे महत्त्व आणि अनावश्यक भीतीचे निराकरण, या दोन्ही गोष्टी या आकड्यांतून स्पष्ट होतात.

## रक्तातील मेद

मेद पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड रक्तातून प्रथिनांच्या वेष्टनात वाहून नेले जातात. या कणांना मेदप्रथिने म्हणतात. त्यांपैकी एलडीएल कण कोलेस्टेरॉल ऊतींपर्यंत नेतात. त्यांचे प्रमाण दीर्घकाळ अधिक राहिल्यास धमन्यांच्या अंतःस्तरात मेदाचे थर साचतात. लिपिड प्रोफाइल या नावाने परिचित असलेल्या तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड यांचे प्रमाण मोजले जाते.

लिपोप्रोटीन (ए) हा एलडीएलसारखाच, परंतु एका अधिक प्रथिनाने युक्त असा कण आहे. त्याचे प्रमाण जवळजवळ पूर्णतः आनुवंशिकतेने ठरते व आयुष्यभर फारसे बदलत नाही. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये तो मोजला जात नाही. त्यासाठी वेगळी चाचणी सांगावी लागते. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा अधिक प्रमाण हे सामान्यतः वाढलेले समजले जाते.

### झडपेवरील परिणाम

झडपेत कॅल्शियम साचणे ही केवळ वयोमानाने होणारी झीज आहे, असा पूर्वी समज होता. सूक्ष्मदर्शकाखालील अभ्यासांतून ही सक्रिय प्रक्रिया असल्याचे दिसून आले. ताणामुळे दलांचे पृष्ठावरण दुखावते, तेथे एलडीएल व लिपोप्रोटीन (ए) शिरतात, त्यांचे ऑक्सिडीकरण होते, दाह सुरू होतो आणि अखेरीस दलांतील काही पेशी अस्थिपेशींसारखे वर्तन करू लागतात. द्विदल झडपेत ताण आरंभापासूनच विषम असल्याने ही प्रक्रिया लवकर सुरू होते.

या संबंधास जनुकीय पुरावाही आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासात, लिपोप्रोटीन (ए) चे प्रमाण वाढवणाऱ्या जनुकीय रूपाच्या प्रत्येक प्रतीमागे महाधमनी झडपेत कॅल्शियम साचण्याची शक्यता सुमारे दुप्पट आढळली. व्यक्तीला हे जनुक जन्मतःच मिळत असल्याने, झडपेच्या विकारामुळे मेद वाढला असावा हा उलटा अर्थ येथे लावता येत नाही.

### महाधमनीवरील परिणाम

महाधमनीच्या विस्ताराबाबत चित्र वेगळे आहे. पोटातील महाधमनीचा विस्तार हा धूम्रपान, वाढते वय आणि धमन्यांतील मेदाचे थर यांच्याशी निगडित असतो; एलडीएलशी त्याचा असलेला संबंध जनुकीय अभ्यासांतही दिसला आहे. छातीतील ऊर्ध्वगामी महाधमनीचा विस्तार हा मात्र मुख्यतः मधल्या स्तराचा विकार आहे, तर मेदाचे थर अंतःस्तरात साचतात. अमेरिकेतील येल विद्यापीठात जॉन एलेफ्टेरिअ‍ॅडिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या निरीक्षणांत तर ऊर्ध्वगामी महाधमनी विस्तारलेल्या रुग्णांच्या इतर धमन्यांत मेदाचे थर अपेक्षेपेक्षा कमी आढळले.

अतिशय वाढलेल्या कोलेस्टेरॉलचा परिणाम निसर्गतःच पाहावयास मिळणारा एक विकार आहे. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक मिळाल्याने होणाऱ्या आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल विकारात एलडीएल बालपणापासून अत्यंत वाढलेले असते. अशा मुलांत महाधमनीच्या मुळाशी आणि झडपेवर मेद साचून तो मार्ग मुख्यतः अरुंद व कठीण होतो. त्याचा फुगवटा होणे हे या विकाराचे वैशिष्ट्य नव्हे. झडपेचे कठीण होणे आणि महाधमनीचे रुंदावणे या भिन्न प्रक्रिया आहेत, या मतास त्यामुळे दुजोरा मिळतो.

द्विदल झडपेच्या रुग्णांतील मेदाचे प्रमाण आणि महाधमनीचा व्यास यांची तुलना करणाऱ्या निरीक्षणात्मक अभ्यासांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. अशा तुलनेत काही अडचणी अंगभूत असतात. वय वाढते तसे कोलेस्टेरॉल वाढते आणि महाधमनीही रुंदावते. मोठ्या शरीरयष्टीच्या व्यक्तीची महाधमनी मुळातच रुंद असते. उच्च रक्तदाब व मेदवृद्धी एकाच व्यक्तीत वारंवार आढळतात. दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

## स्टॅटिन औषधांच्या चाचण्या

स्टॅटिन औषधे यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती कमी करतात. मेदामुळे झडप कठीण होत असेल तर मेद घटवून ती प्रक्रिया थांबवता येईल, या अपेक्षेने तीन प्रमुख यादृच्छिक चाचण्या झाल्या.

- साल्टायर (२००५) : १५५ रुग्ण, अटॉर्वास्टॅटिन ८० मिलिग्रॅम.
- सीज (२००८) : १,८७३ रुग्ण, सिम्वास्टॅटिन ४० मिलिग्रॅम आणि एझेटिमाइब १० मिलिग्रॅम.
- अ‍ॅस्ट्रॉनॉमर (२०१०) : २६९ रुग्ण, रोझुवास्टॅटिन ४० मिलिग्रॅम. यातील सुमारे निम्म्या रुग्णांची झडप द्विदल होती.

तिन्ही चाचण्यांत एलडीएल लक्षणीयरीत्या घटले, परंतु झडप अरुंद होण्याचा वेग मंदावला नाही. सीज चाचणीत हृद्‌धमन्यांतील अडथळ्यांशी निगडित घटना मात्र कमी झाल्या. या अपयशाची दोन कारणे सांगितली जातात : एकदा कॅल्शियम साचू लागले की ती प्रक्रिया मेदाविना पुढे चालू राहते, आणि स्टॅटिनमुळे लिपोप्रोटीन (ए) कमी होत नाही.

महाधमनीच्या विस्ताराबाबत, स्टॅटिन घेणाऱ्या द्विदल झडपेच्या रुग्णांत विस्तार कमी असल्याचे काही पूर्वलक्षी अभ्यासांत दिसले. तथापि स्टॅटिन घेणारा रुग्ण हा बहुधा नियमित तपासणी करून घेणारा, रक्तदाबाची औषधे घेणारा असतो, त्यामुळे श्रेय कोणाचे हे ठरवणे कठीण जाते. केवळ महाधमनीचा विस्तार रोखण्यासाठी स्टॅटिन देण्याची शिफारस उपचारांच्या प्रचलित मार्गदर्शक सूचनांत नाही. हृद्‌धमन्यांचा विकार, मधुमेह किंवा वाढलेले एलडीएल असल्यास मात्र ती औषधे इतर कोणाही व्यक्तीप्रमाणेच आवश्यक ठरतात. महाधमनीला उपयोग नाही म्हणून ती स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे.

## निदान

बहुतेक व्यक्तींत तरुणपणापर्यंत कोणतीही लक्षणे नसतात. स्टेथोस्कोपने तपासताना एक विशिष्ट जादा आवाज किंवा मर्मर ऐकू आल्याने संशय येतो. टू-डी इकोमध्ये दलांची संख्या, झडपेची स्थिती आणि महाधमनीच्या मुळाचा व्यास दिसतो. महाधमनीचा वरचा भाग इकोत नीट न दिसल्यास सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात. आधीच्या व नंतरच्या मापांची तुलना करताना ती एकाच पद्धतीने व एकाच पातळीवर घेतलेली असणे महत्त्वाचे असते. अन्यथा मापनातील एक-दोन मिलिमीटरचा फरक हाच विस्तार समजला जातो. रुग्णाच्या जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांनीही एकदा इको करून घेणे इष्ट मानले जाते.

## उपचार

झडपेची विकृती औषधांनी दूर होत नाही. उपचारांचा भर नियमित देखरेख, रक्तदाबाचे नियंत्रण आणि योग्य वेळी शस्त्रक्रिया यांवर असतो. अमेरिकेतील हृदयरोगविषयक संस्थांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार व्याप्तीचे सर्वसाधारण निकष पुढीलप्रमाणे आहेत.

- ५.५ सेंटिमीटर किंवा अधिक व्यास : महाधमनीचा तो भाग बदलण्याची शस्त्रक्रिया.
- ५ ते ५.४ सेंटिमीटर : कुटुंबात डिसेक्शनचा इतिहास, महाधमनीचे जन्मजात आकुंचन किंवा वर्षाला ३ मिलिमीटर वा अधिक वाढ यांसारखा अधिक धोका असल्यास शस्त्रक्रियेचा विचार.
- ४.५ सेंटिमीटर किंवा अधिक : झडपेसाठी शस्त्रक्रिया होणारच असल्यास त्याच वेळी महाधमनी बदलण्याचा विचार.

उंचीने लहान असलेल्या व्यक्तींत हेच आकडे शरीराच्या मानाने मोठे ठरतात. म्हणून उंचीच्या तुलनेत महाधमनीचे छेदक्षेत्रही विचारात घेतात. झडप बदलल्यानंतरही मूळची महाधमनी तशीच राहिली असेल तर तिचे मापन चालू ठेवावे लागते.

## दक्षता

धूम्रपान टाळणे, रक्तदाब आटोक्यात ठेवणे आणि दातांची निगा राखणे यांचा सल्ला सर्वच रुग्णांना दिला जातो. दातांतील जंतू रक्तात शिरून झडपेला संसर्ग करू शकतात. चालणे, पोहणे यांसारखा व्यायाम बहुतेकांना चालतो. महाधमनी विस्तारलेली असल्यास श्वास रोखून जड वजन उचलणे टाळावे लागते. फ्लुओरोक्विनोलोन गटातील प्रतिजैविकांचा महाधमनी फाटण्याशी संबंध असू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. त्यामुळे विस्तार असलेल्या व्यक्तीने औषध घेण्यापूर्वी आपल्या विकाराची कल्पना डॉक्टरांना देणे आवश्यक असते. द्विदल झडप असलेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वी महाधमनीचे मापन करून घ्यावे लागते. गर्भारपणात रक्ताचे आकारमान वाढते व भित्तिकेवरील ताणही वाढतो. स्टॅटिन औषधेही त्या काळात सामान्यतः थांबवली जातात.

## भारतीय संदर्भ

भारतात झडपेच्या विकाराचे एक मोठे कारण बालपणीचा संधिवाती ताप हे आहे. त्यामुळे मर्मर ऐकू आल्यास प्रथम त्याच कारणाचा विचार होणे स्वाभाविक असते. मात्र हा ताप मुख्यतः डाव्या अलिंद-निलयातील झडपेला ग्रासतो. तरुण व्यक्तीत फक्त महाधमनीची झडप सदोष असल्यास द्विदल झडपेची शक्यता तपासावी लागते. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण संधिवाती विकारात महाधमनीच्या विस्तारावर आणि नातेवाइकांच्या तपासणीवर तसा भर नसतो.

दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत लिपोप्रोटीन (ए) चे मध्यक प्रमाण युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा अधिक असल्याचे ब्रिटनमधील यूके बायोबँक या प्रकल्पाच्या विदेतून दिसते. याच लोकसमूहात हृद्‌धमन्यांचा विकार तुलनेने कमी वयात होतो. म्हणून द्विदल झडप असलेल्या भारतीय व्यक्तीच्या दृष्टीने मेदाची तपासणी झडप व हृद्‌धमन्या यांच्यासाठी उपयुक्त आहे. महाधमनीसाठी मात्र इको आणि रक्तदाबाची नोंद यांना पर्याय नाही.

## हेही पहा

- हृदय
- महाधमनी
- कोलेस्टेरॉल
- संधिवाती हृदयविकार
- उच्च रक्तदाब